पाडव्याचा चांद

॥ श्री ॥

बनगाव, पश्चिम बंगाल
दि. २८ मार्च २०२३

ती. सुभद्रा आत्यास,
ऋत्विकचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी इथं खुशाल आहे. फोनवरचं तुले ऐकू येत नाही, अन् तुझी सून छायावहिनी मधात बसून अर्धं गाळते, म्हणून पत्र. तू म्हणालीच होती, का पोरा, बोलताना तू एका गोष्टीवर टिकत नाही, कागदावर तरी टिकशील. पाहू.

संत्र्याच्या ट्रकवर बसून निघालो तो थेट सीमेवर आलो. बनगाव आपल्या मलकापूरएवढं गाव असल, पण पुढं थोड्याच अंतरावर फाटक अन् फाटकापल्याड बांगलादेश. गाड्यांची रांग अशी, का ड्रायव्हर लोक रांगेतच स्वयंपाक करतात, रांगेतच दाढी करतात. एका ड्रायव्हरनं टायराजवळ मेथी पेरली होती, गाडी हलायच्या आधी ती काढायले आली. मी भाजी खाल्ली. चांगली होती, मीठ जरा जास्त. हां, तर मुद्दा.

मी थांबलो ते पालबाबूकडे. त्यांचं काम म्हणजे इकडच्या मालाचे कागद दोन्हीकडच्या साहेबांले पटवून देणे. किडीचा एक कागद, औषधाचा एक, कराचा एक, वजनाचा एक. पालबाबू म्हणतात, संत्रं झाडावर उन्हानं पिकते अन् इथं शिक्क्यानं पिकते.

पाडव्याले मी एकटाच. त्यांच्या अंगणात काठीवर तांब्या उलटा घालून गुढी उभारली, तं शेजारच्या बाया पाहायले आल्या. कोणाचं कपडे वाळवायचं नवीन साधन आहे का, असं विचारत होत्या. अन् दुसऱ्या दिवशी सांजेले चांद दिसला, रमजान लागला. आत्या, त्या सांजेपासून बाजार असा फिरला का विचारू नको! आदल्या आठवड्यात ज्या संत्र्याले कोणी हुंगत नव्हतं, त्याच्यासाठी तिकडचे व्यापारी फाटकाले चिकटून उभे. दिवसभर उपाशी राह्यलेला माणूस सांजेचा पहिला घास फळाचा घेते. एका अख्ख्या देशाचा पहिला घास म्हणजे केवढा, हिशेब कर.

मोनीर म्हणून तिकडचा एक व्यापारी आहे, पोट मोठं अन् जीभ बारीक. फोड तोंडात टाकून डोळे मिटते. फार गोड लागली का तोंड वाकडं करते. म्हणे उपाशी गळ्याले नुसती साखर चालत नाही, जराशी आंबट धार पाहिजे.

आपला आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे निघते. तेव्हाच सगळ्या मुलखाचाही निघते, म्हणून कोणी विचारत नाही. इथं मात्र पाडव्याच्या टायमाले माल पाहिजे. एवढंच सांगायचं होतं, मेथीचं उगाच आलं.

छायावहिनीच्या छकुलीले पापा. बाबांनी माझं विचारलं तं चांगलंच सांगजो.

लोभ आहेच, तो पत्रानं वाढावा.
तुझा भाचा,
ऋत्विक

&nbsp;

॥ श्री ॥

वरवट बकाल
दि. २० एप्रिल २०२३

चि. ऋत्विक यास,
सुभद्राचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मेथीचं वाचून हसली, चांदाचं वाचून उठून बसली. इंद्रभानदादा आला होता, त्याले तुझं अक्षर दाखवलं. म्हणे पोट्ट्यानं शाळेत इतकं लिहिलं असतं तं मास्तर झाला असता. म्हणजे खूश आहे तुझा बाप.

तू शेतात कमी अन् रस्त्यावर जास्त वाढला, म्हणून सांगते. संत्र्याच्या झाडाले सालात दोनदा फुटायची हौस. एक थंडी सरता सरता, तो आंबिया. एक पावसाच्या तोंडावर, तो मृग. दोन्ही घेतले तं झाड खचते. उन्हाळ्यात पाणी दिलं का आंबिया टिकते. पाणी तोडून झाड तहानवलं का आंबिया गळते, अन् ते मृगाले फुटते. मृगाचं फळ थंडी संपता तोडायले येते. म्हणजे तुझ्या चांदाजवळ.

मी बगीचेवाल्या सगळ्या घरांले मारुतीच्या पारावर बोलावलं, तुझं पत्र वाचून दाखवलं. माझे चुलत दीर वामनभाऊजी तुले माहीतच आहेत, ते उठून म्हणे, वहिनीले दारातली घंटी ऐकू येत नाही, पण बंगालातला चांद बरोबर ऐकू येते. म्हटलं, हाव, तुमचं सोडून मले सगळं ऐकू येते. मग लोक हसले अन् हसता हसता ऐकायले लागले.

ठरलं ते असं. औंदा सगळ्यांनी आंबिया सोडायचा, मृग धरायचा. फळ झाडावर असताना कोणी सौदा करायचा नाही. सगळ्यांचा माल एका निशाणीचा, एका दिवशी तोडायचा, अन् पाडव्याले सीमेवर. एकानं घाईनं कच्चं फळ धाडलं का साऱ्या गावाचं नाव आंबट होते. म्हणून जो आधी तोडल त्यानं सगळ्या घरांले पंगत द्यायची. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, अन् वाढायचं स्वतः. कोणी म्हणे पैशाचा दंड ठेवा. मी नाही म्हटलं. पैसा देऊन माणूस मोकळा होते, वाढायले मात्र वाकावं लागते.

परवा अक्षय तृतीया. भाऊजी म्हणे, भेंडवळच्या घटमांडणीत पावसापाण्याचं काय भाकीत निघते ते पाहू, मग पाणी तोडू. म्हटलं, पावसाचं तिथं पाहा, खाणाऱ्याचं आपल्या पोरानं पाह्यलं आहे.

विहिरीच्या मोटरी बंद आहेत. सकाळी झाडाखाली हिरव्या गोट्यांचा सडा असते, पाय ठेववत नाही. त्याच्यात सगळ्यांची दिवाळी होती. पुंजाजीनं तं आपल्या पोरीचं, पूनमचं, लग्न पुढच्या सालावर ढकललं. माझ्या शब्दावर झाडंही तहानली अन् माणसंही. तेव्हा तू बाबा तिथंच राहा. पुढच्या पाडव्याले आपला माल उतरवून घ्यायले आपला माणूस पाहिजे.

जेवण वेळेवर कर. माया आहे, ती इथून कमी होणार नाही.
तुझी,
सुभद्रा आत्या

&nbsp;

॥ श्री ॥

बनगाव
दि. ६ ऑगस्ट २०२३

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तिकडं पुराचं समजलं अन् जीव थाऱ्यावर नव्हता. मग छायावहिनीनं फोनवर सांगितलं, का खालच्या अंगाची शेतं खरडली, आपले बगीचे वरच्या अंगाले म्हणून वाचले. बरं झालं. म्हणजे ज्यायचं गेलं त्यायचं वाईट झालं, पण तुले समजलं मी काय म्हणतो ते.

इथं सध्या काम कमी, मासे जास्त. पालबाबूची बायको मले माशाचे काटे काढायले शिकवून राह्यली. तिच्या मते ज्याले काटा काढता येत नाही त्याले संसार करता येत नाही. मी दोन्हीत नापास.

सध्या आपल्याकडं धोंड्याचा महिना चालू ना? एका मुसलमान ड्रायव्हरले सांगितलं, का आमच्याकडं औंदा श्रावण दोनदा आहे. तो म्हणे, मग पगार पण दोनदा मिळते का? म्हटलं नाही, फक्त जावयाले जास्तीचे धोंडे मिळतात. तो म्हणे मग आमचाच महिना बरा. तुझ्या हातचे पुरणाचे धोंडे आठवले. मले सासरा नाही म्हणून मी उपाशी, हा कुठला न्याय?

तिकडच्या सरकारनं फळावरचा कर पुन्हा वाढवला, अशी बोलवा आहे. आत्या, गंमत पाहा. ढाक्यात कोणी साहेब सही करते अन् वरवटच्या झाडावरचं हिरवं फळ जागच्या जागी स्वस्त होते. त्या साहेबानं आपलं गाव नकाशातही पाह्यलं नसल. मी पालबाबूले विचारलं, मग ह्या संत्र्याचा मालक तरी कोण? म्हणे, तोडेपर्यंत तुम्ही, फाटकापर्यंत मी, फाटकापुढं मोनीर, अन् शेवटी ज्याचा उपास तो. मले वाटते तोच खरा मालक. आपण सगळे त्याचे सालदार.

एक चहाची गाडी सिलीगुडीले जाऊन राह्यली. तिथून डोंगर दिसतात म्हणे. मी म्हटलं बसून तरी काय करू, पाडव्याच्या आत वापस येतोच. रागावू नको. मी सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, सपाट मुलखात मले झोप येत नाही.

कृपा आहे ती पातळ होऊ देऊ नको.
तुझा,
ऋत्विक

&nbsp;

॥ श्री ॥

वरवट बकाल
दि. २० नोव्हेंबर २०२३

चि. ऋत्विक यास आशीर्वाद.

सपाट मुलखात झोप येत नाही म्हणे! लहानपणी माझ्या ओसरीवर दुपारभर घोरायचा, तेव्हा कोणता डोंगर उशाशी होता? असो. गेला आहेस तं स्वेटर घाल.

दिवाळी साधी झाली. दरसाली ह्या दिवसांत आवारात क्रेटचे थर राहतात, औंदा अंगण मोकळं. कोणी तोंडावर बोललं नाही, पण लक्ष्मीपूजनाले पुंजाजीच्या बायकोनं माझ्या घरी येऊन नुसतं कुंकू लावलं अन् गेली. दरसाली दोन घास खायले बसते.

फळ मात्र असं धरलं आहे, का फांद्यांले बांबूचे टेकू द्यावे लागले. वामनभाऊजी रोज सकाळी बगीच्यात जाऊन एक फळ सोलतात, चाखतात अन् माझ्या बांधावर येऊन म्हणतात, वहिनी, तोडावं का? मी हातानंच नाही म्हणते. काल त्यायनं विचारलं, देवानं फळ तोडायले दिलं का पाहायले?

औंदा देवाचीच कृपा आहे. धोंडा पडला म्हणून पाडवा चांगला एप्रिलात गेला. म्हणजे तुझा रमजानही तेवढा लांबला, अन् फळाले झाडावर महिनाभर जास्त मिळाला. साखर भरून माल जाईल. सगळ्यांले तसं सांगून टाकलं आहे, का मार्चच्या शेवटी तोड.

तेव्हा तू पाडव्याच्या पंधरवडाभर आधी बनगावात पाहिजे. तुझ्या शब्दावर माझा शब्द उभा आहे, अन् माझ्या शब्दावर अख्खं शिवार. तुले वजन वाटावं म्हणून लिहिते, भीती वाटावी म्हणून नाही.

माया जशी होती तशीच.
सुभद्रा आत्या

&nbsp;

॥ श्री ॥

सिलीगुडी
दि. १४ जानेवारी २०२४

ती. आत्यास नमस्कार. उद्या संक्रांत, तिळगूळ पत्रातूनच घे.

स्वेटर घेतला, लाल आहे. फोन मात्र तिस्ता नदीत गेला. पुलावरून नदी पाहत होतो, नदी मले पाहत होती, मधात फोन गेला. मी राहतो त्या प्रधानजींच्या गॅरेजचा पत्ता पाकिटावर लिहिला आहे, पत्र इथं टाक.

इथं येऊन एक नवलच पाह्यलं. भूतानच्या डोंगरातून संत्री उतरतात, लहान, लाकडी पेट्यांत. म्हटलं ही कुठं चालली? तं तीही बांगलादेशात! म्हणजे आपण तिकडं सातपुड्याखाली समजून राह्यलो का बंगाल्याच्या पोटात आपलंच संत्रं, अन् इथं दुसरा डोंगर दुसऱ्या रस्त्यानं तिथंच उतरून राह्यला. त्यायच्या गावातही कोणी आत्या असल, कोणी वामनभाऊजी असल. मी एक चाखलं. आपल्यापेक्षा गोड आहे. हे भाऊजींले सांगू नको.

हमाल लोक पळत पळत पेट्या चढवत होते. एकाले विचारलं, एवढी घाई काऊन? म्हणे, चांदाच्या आत डोंगर रिकामा करायचा. मी म्हटलं, चांदाले भल्ला टाइम आहे, एप्रिल उजाडल. तो माझ्याकडं पाहून हसला अन् पेटी उचलून गेला. इथले लोक उगाच हसतात, थंडीनं असल.

मार्च लागला का मी निघतोच. मधात एक चहाचा मळा पाहायचा राह्यला आहे, तिथं म्हणे हत्ती येतात.

राग आला तं पुढच्या पत्रात टाक, मनात ठेवू नको.
तुझा,
ऋत्विक

&nbsp;

॥ श्री ॥

वरवट बकाल
दि. २२ फेब्रुवारी २०२४

चि. ऋत्विक,

आशीर्वाद. हत्ती राहू दे. हे पत्र हातात पडलं का उठ अन् बनगाव गाठ. छायानं पालबाबूले फोन लावला, ते म्हणाले पोरगा डोंगरात आहे. म्हणून हे स्पीड पोस्टानं गॅरेजवर धाडते. आता काऊन ते सांगते.

परवा वामनभाऊजींनी गुपचूप फळ तोडलं. एक छोटी गाडी भरून मलकापूरच्या व्यापाऱ्याले दिली. गुपचूप म्हणजे कसं, तं गाडी पारावरूनच गेली. पण वरून ज्वारीचा कडबा टाकला होता. संत्र्याचा वास कडब्याखाली राहते का? सगळ्या गावाले समजलं. पुंजाजी तणतणत आला. म्हणे, आम्ही आंबिया सोडून साल काढलं, पोरीचं लग्न थांबवलं, अन् ह्यायनं निशाणी आंबट करून टाकली. काल सकाळी पारावर बसायचं ठरलं. न्याय मीच करायचा होता.

मी निघतच होती, तं शेजारची जैनबबी शेवयाचं मशीन मागायले आली. रमजान लागायच्या आत शेवया करून वाळवायच्या, ईदीले लागतात. म्हटलं, अवो, आतापासून? रमजान तं पाडव्यानंतर आहे ना. ती काहीतरी बोलली, मले ऐकू आलं नाही. मग तिनं माझ्या चांगल्या कानाजवळ येऊन सांगितलं, का बाई, शिवरात्र झाली का चार दिसात रोजे लागतात, पाडव्याले तं आमची ईदीची तयारी राह्यल. मी म्हटलं, मागच्या साली तं पाडव्यानंतरच लागले होते. ती म्हणे, मागच्या साली हो. पण मधात तुमचा धोंडा पडला. तुमचं साल तेरा महिन्याचं झालं. आमच्या चांदाले धोंडा नसते, बाई, तो आपला चालतच राहते.

मी तिथंच उंबऱ्यावर बसली.

समजलं का तुले? आपण एक महिना जास्तीचा धरला, तो आपल्यापुरता होता. पल्याडच्यानं तो धरलाच नाही. पाडव्याची वाट पाहत बसलो असतो तं आपला माल फाटकावर पोचला असता अन् त्यायचे उपास सुटले असते. भिंतीवर कॅलेंडर टांगलं आहे, त्याच्यावर चंद्रकोर छापली आहे, तीही दिसली नाही. मी त्याच्यात एकादशी अन् गॅसची तारीख पाहते. अन् जैनबबीचं घर माझ्या घराले लागून. तिच्या भिंतीले माझी भिंत. आपण चांद विचारायले माणूस बनगावले धाडला!

मी पारावर गेली. भाऊजी मान खाली घालून बसले होते, तसे ते बायकोच्या म्हणजे महामायाच्या धाकानंही बसतात. पुंजाजीनं दंडाची गोष्ट काढली. माझ्या मनात आलं, का आज गप्प राहावं, भाऊजींले पंगत लावावी, अन् उद्या हळूच म्हणावं तोड आजपासून. कोणाले समजलं नसतं. पण मग वाकून वाढणारा माणूस चुकीचा झाला असता. नियम मीच सांगितला होता.

म्हणून उठून सगळं सांगितलं. जैनबबीचं नाव घेऊन सांगितलं. मग पुंजाजी म्हणे, बाई, तुमच्या चांदानं आमचा आंबिया खाल्ला, आता मृगही खाल्ला तं? मी म्हटलं, शिव्या पंगतीत द्या, आज कैच्या आणा. अन् भाऊजी मान वर करून काय म्हणावे? का म्हणजे सगळ्या गावात टायमावर मीच तोडलं!

आजपासून तोड चालू आहे. फळ भरलं आहे, पण देठाजवळ हिरवं अन् चवीले आंबटसर. गाड्या पहिल्या तारखेले निघतील. आता तुझा तो मोनीर, ज्याले आंबट धार लागते, त्याले आपलं फळ चाखवायचं काम तुझं. त्यानं तोंड वाकडं केलं तं मले ह्या गावात तोंड दाखवायले जागा नाही. एवढंच लिहिते. ह्यावेळेले मधात कुठं उतरू नको.

तुझी,
सुभद्रा आत्या

&nbsp;

॥ श्री ॥

बनगाव
दि. २० मार्च २०२४

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं अन् पहिले तो हसणारा हमाल आठवला. थंडीनं नव्हता हसत. लाल स्वेटर गॅरेजवर राह्यला, हत्तीही राह्यला. रात्रीच्या गाडीत उभा राहून आलो. खरं सांगतो, मधात एका स्टेशनावर बाऊल गाणारे बसले होते, एकतारी वाजवत. मी दारापर्यंत गेलो. मग तुझं शेवटचं वाक्य आठवलं अन् वापस जागेवर आलो. जागा तोपर्यंत दुसऱ्यानं घेतली होती, म्हणून उभा.

आपल्या गाड्या आल्या तेव्हा मी रांगेच्या तोंडाशी होतो. पालबाबूनं कागद आधीच लावून ठेवले होते. त्यांले मी धोंड्याचं सांगितलं, तं ते इतके हसले का चष्मा पडला. म्हणे, चाळीस साल झाले, किडीमुळं माल अडलेला पाह्यला, करामुळं पाह्यला, पंचांगामुळं अडता अडता वाचलेला पहिल्यांदा पाह्यला.

मोनीर आला. मी तुझ्या बगीच्यातलं एक फळ सोललं, देठाजवळचं हिरवं झाकलं नाही. त्यानं फोड टाकली, डोळे मिटले. आत्या, तेवढ्यात माझ्या डोळ्यासमोर पुंजाजी उभा, महामायाकाकू उभी, छकुली उभी. त्यानं तोंड वाकडं केलं नाही. सरळही केलं नाही. दुसरी फोड मागितली, त्याच्यावर मीठ टाकलं, खाल्ली, अन् म्हणे, ही जीभ जागी करते. पण लगेच धंद्यावर आला. हिरव्या देठाचं कारण काढून भाव पाडून मागितला. मी तुझ्यासारखा बहिरा झालो. काय म्हणता, असं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्यानंच भाव वाढवला.

खोटं सांगत नाही. पहिल्या गाड्या चांद दिसायच्या आत पल्याड गेल्या, त्यायले चांगला भाव लागला. मागच्या दोन रांगेत अडकल्या, फळ थोडं मऊ पडलं, त्या कमीत गेल्या. मागच्या सालचं जे सोनं मी पाह्यलं होतं तेवढं नाही मिळालं. पण दिवाळीच्या आंबियापेक्षा पुष्कळ बरं. सगळ्यांचं सारखं वाटून घ्या, मागच्या गाडीत कोणाचं फळ होतं ते पाहू नका, निशाणी एकच होती. पूनमच्या लग्नाची पत्रिका मले पाठवा म्हणावं.

चांद दिसला त्या सांजेले फाटकाजवळच्या एका दुकानात आपली निशाणी लावलेला क्रेट पाह्यला. एका म्हाताऱ्यानं त्याच्यातलं एक उचललं, हुंगलं अन् पिशवीत टाकलं. एकच घेतलं त्यानं. त्याच्या घरी किती माणसं असतील, एकात कसं भागवलं असल, ह्याचाच विचार करत मी कितीक वेळ उभा होतो.

रिकाम्या गाड्या वापस गेल्या. मले ड्रायव्हरनं बसायले सांगितलं, पण एक गाडी कागदासाठी थांबली आहे, ती निघेपर्यंत मी इथंच. टायराजवळ मेथी पेरली आहे.

लोभ होता तसाच ठेव. आता मी थोडा त्याच्या लायकीचा झालो.
तुझा,
ऋत्विक

&nbsp;

॥ श्री ॥

वरवट बकाल
दि. १२ एप्रिल २०२४

चि. ऋत्विक यास,
सुभद्राचे पोटभर आशीर्वाद.

काल पंगत झाली. दंड कोणाचा, ह्याच्यावर पारावर मोठा वाद. पुंजाजी म्हणे, नियम भाऊजींनी मोडला. भाऊजी म्हणे, मी चांदावर तोडलं, नियमच चुकीच्या दिवशी उभा होता. मी म्हटलं, मग नियमाची पंगत मी देते, कडब्याची तुम्ही द्या. शेवटी दोघांनी मिळून दिली. पोटं सुटलेली माणसं आम्ही, वाकून वाकून वाढताना कमरेचं पाणी झालं. मी भाऊजींच्या पानात बट्टी टाकली, तं म्हणे, वहिनी, पुढच्या साली चोरी कधी करायची तेवढं मले आधी सांगत जा.

जेवण मुद्दाम ईदीच्या दिवशी ठेवलं. जैनबबीनं आमच्या मशीनवरच्या शेवयांचा शिरखुर्मा आणला, अन् पुंजाजीच्या बायकोनं दोन वाट्या खाल्ल्या. ह्यावेळेले ती बसून खात होती.

आता पारावर बगीच्याची बैठक बसली का जैनबबीलेही बोलवायचं ठरलं. तिचं एक झाड नाही संत्र्याचं. पण तारीख तिच्याशिवाय ठरणार नाही. ढाक्यातल्या साहेबाची सही आपल्या हातात नाही, भूतानचा डोंगर आपल्या हातात नाही, निदान शेजारीण तं आहे. तिनं आताच सांगून ठेवलं, का पुढचेही रोजे शिवरात्रीच्या मागंच. पण त्याच्या पुढच्या धोंड्याले पुन्हा मले विचारा म्हणे.

अन् एक सांगते, हसू नको. परवा सांजेले, म्हणजे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी जैनबबीसंगं तिच्या गच्चीवर चढली. छाया खालून ओरडत होती म्हणे, पडाल म्हणून. मले कुठं ऐकू येते. जैनबबी मावळतीले पाहत राह्यली, तिले काही दिसेना, आताशा तिच्या डोळ्यात पडदा आला आहे. मग मी तिचा हात धरून बोट दाखवलं. नखाएवढा होता. हाच पाडव्याचा चांद मागच्या साली तू पाह्यला, तेव्हा तो उपास लावायले आला होता. औंदा तोच सोडवायले आला. अन् आमच्या दोघींत पहिले दिसला तो मले.

मेथी खाऊन झाली का घरी ये. ओसरी तिथंच आहे, घोरायले.

इथं सगळे तुझं नाव काढतात, ते खरं होऊ दे. बाकी माया आहेच.
तुझी,
सुभद्रा आत्या